महाराष्ट्रात दुकानासाठी कामगार: थेट नेमणूक की कंत्राटदारामार्फत?

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 15,000 रुपये धरू, भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दोन्ही लागू. थेट नेमलात तर मालकाचा पीएफ प्रशासकीय शुल्क व विम्यासह 13 टक्के, म्हणजे 1,950; ईएसआय 3.25 टक्के, म्हणजे 488. एकूण 17,438.

कंत्राटदार याच रकमेवर आपलं कमिशन लावतो आणि वर 18 टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट (भरलेला जीएसटी तुमच्या करातून वजा होणं) मिळत असेल तर ठीक, नाहीतर कमिशन सोडूनही महिना 3,140 च्या आसपास जादा.

थेट नेमणुकीत डोकेदुखी हिशेबाची. पीएफ आणि ईएसआयची चलनं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. पगारातून कापायचा व्यवसाय कर पुरुषाचा महिना 200, फेब्रुवारीत 300. महिलेचा पगार 25,000 पर्यंत असेल तर शून्य. सरसकट 200 कापणं ही नेहमीची चूक. रजेतही घोळ होतो: 8 किरकोळ रजा वर्षाअखेरीस बुडतात, पण 240 दिवस भरल्यावर मिळणारी अर्जित रजा (20 दिवसांमागे 1) 45 दिवसांपर्यंत साठते.

कंत्राटात हे काम टळतं, जबाबदारी टळत नाही. कंत्राटदारानं पगार किंवा पीएफ थकवला तर वसुली मूळ मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे येते. म्हणून बिल चुकवण्याआधी मागच्या महिन्याचं चलन आणि त्यासोबतची कामगारांची यूएएनसह (प्रत्येकाच्या पीएफ क्रमांकासह) यादी मागा. नुसतं चलन पुरत नाही, त्यात तुमची माणसं आहेत की नाहीत ते कळत नाही.

कायमच्या कामाला थेट नेमणूकच बरी. दिवाळीपुरती जादा माणसं हवी असतील तर कंत्राटदार.