सीसीएनएसाठी दोन खंड की एकच पुस्तक?

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातील पाळी सांभाळून सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या सीसीएनए (२००-३०१) या नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणाऱ्या नाशिककरापुढे सहसा दोन पर्याय असतात: सिस्को प्रेसचे दोन खंडांतील अधिकृत मार्गदर्शक किंवा एखादे सुटसुटीत एकखंडी पुस्तक.

अधिकृत खंडांत सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडणे), व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगळी आभासी नेटवर्के), स्पॅनिंग ट्री (स्विचमधील फेरे टाळणे) आणि ओएसपीएफ (राउटरांनी मार्ग ठरवण्याची पद्धत) हे विषय सविस्तर, प्रत्येक आज्ञेमागचे कारण उलगडत येतात. परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीचा (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहिती पोहोचवण्याच्या भागाचा) वाटा सर्वाधिक, म्हणजे २५ टक्के असल्याने हा संथपणा मला उपयोगाचाच वाटतो. रात्रपाळीनंतर मात्र तेवढी पाने उलटणे जिवावर येते, हेही खरे.

एकखंडी पुस्तक लवकर संपते आणि उजळणीला सोयीचे पडते, परंतु सरावाची उदाहरणे त्यात बहुधा आवरती घेतलेली असतात.

जुनी प्रत स्वस्तात मिळत असली, तरी ती परीक्षेच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे आधी पाहावे, कारण २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या १.१ या आवृत्तीत जनरेटिव्ह एआय आणि मशीन लर्निंगची तोंडओळखही समाविष्ट आहे.

ज्याने राउटर कधी हाताळलाच नाही, त्याने दोन्ही खंड घ्यावेत. रोज नेटवर्कवरच काम करणाऱ्याला एकखंडी पुस्तक आणि सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.