गंगापूर रोडची मलय शिकवणी: जनावरांच्या धड्यातच फी वसूल

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. मलेशिया-इंडोनेशियाशी कामाचा संबंध असेल तर बिनधास्त नाव घाला. बालीला चार दिवस फिरायला जायचंय म्हणून चार वाक्यं हवी असतील, तर मोबाइलवर एखादं फुकटचं ॲप बघा. इथे कंटाळून जाल.

मी पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा निर्यातदाराकडे कागदपत्रं बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाजाची माल-पावती), सगळं. आमचा बराच माल मलेशियाच्या पोर्ट क्लांग बंदरात उतरतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ऑफिसात माशा मारत बसायची पाळी आली, तेव्हा ही शिकवणी लावली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तोवर तिकडच्या पार्टीचे मेसेज माझे मला वाचता यायला लागले होते.

बाई बरीच वर्षं क्वालालंपूरला राहून नाशिकला परतलेल्या. वर्ग त्यांच्या घरीच, हॉलमध्ये, एक पांढरा फळा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. शिकवण्याची पद्धत अशी की एक शब्द घ्यायचा आणि तो कुठे कुठे हिंडून आला ते बघत बसायचं. आमच्यासाठी त्यांनी कांद्यापासून सुरुवात केली. मलयमध्ये ‘बावांग’ म्हणजे कांदा, ‘मेराह’ म्हणजे लाल. पण गोणीवर ‘बावांग मेराह’ छापलंत तर तिकडचा गिऱ्हाईक त्या बारक्या, लसणाएवढ्या कांद्याची वाट बघेल. आपला तो ‘बावांग बेसार’, मोठा कांदा. आणि इंडोनेशियात त्यालाच म्हणतात ‘बावांग बोंबाय’! पिकवायचा लासलगावने, नाव मुंबईचं. नेहमीचंच.

पण खरी मजा जनावरांच्या धड्यात. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘बिनातांग’. म्हणजे प्राणी, जनावर. मलय ज्या कुळातली, त्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या हजाराहून जास्त भाषा तैवानपासून मादागास्करपर्यंत आणि तिकडे हवाईपर्यंत पसरल्यात, आणि त्यांतली मलय ही बंदरांची, बाजाराची भाषा. त्यामुळे तिचे शब्द बहिणी-बहिणींनी एकमेकींच्या साड्या नेसाव्यात तसे फिरले. मग वारशाचा शब्द कुठला आणि उसना कुठला, ओळखायचं कसं? बाईंनी शेजारी शेजारी जोड्या लिहिल्या. मलयमध्ये अंडं ‘तेलुर’, फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये ‘इतलोग’. नारळ इथे ‘न्यिउर’, तिथे ‘नियोग’. शीर इथे ‘उरात’, आणि तिथे ‘उगात’ म्हणजे शीर आणि मूळही. इथला र तिथे ग होतो, तोही शिस्तीत. असा हिशोब जुळला की शब्द आजीकडून आलेला. आणि जो शेजारणीकडे जसाच्या तसा, एक अक्षरही न झिजता सापडतो, त्याच्यावर उसनेपणाचा संशय घ्यायचा. बेरीज-वजाबाकी जुळवण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे हे मला व्याकरणापेक्षा फार लवकर कळलं.

बिनातांग कुळाबाहेरही गेला. पापुआ न्यू गिनीची टोक पिसिन ही इंग्रजीच्या मुशीतून निघालेली भाषा, पण तिच्यात बिनातांग आहे, आणि अर्थ काय, तर किडा! तिथे मादांगजवळ किड्यांवर काम करणारी एक संशोधन संस्था आहे, तिच्या नावातच बिनातांग आहे. हत्तीपासून सुरू झालेला शब्द मुंगीवर येऊन थांबला म्हणायचा.

पुढचं मात्र कामाचं, लिहून ठेवा. इंडोनेशियात प्राणिसंग्रहालयाला सरळ ‘केबुन बिनातांग’ म्हणतात, कोणाला काही वाटत नाही. माणसाला मात्र बिनातांग म्हणालात तर ती शिवी, ‘जनावर कुठला’ अशी. मलेशियात सभ्यपणे बोलायचं तर ‘हायवान’. जनावरांचा डॉक्टर, ‘डॉक्टर हायवान’. वर्गात एकच हशा पिकला, कारण हा आपलाच हैवान! मूळ अरबी शब्द एकच. त्यांनी तो दवाखान्याच्या पाटीवर लावला, आपण पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांना दिला. इंडोनेशियात तिसराही आहे, ‘सात्वा’, म्हणजे आपलं सत्त्व. अभयारण्याला म्हणतात ‘सुआका मार्गासात्वा’, आणि त्यातला ‘मार्गा’ म्हणजे मृग. संस्कृतात मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कुठलंही रानातलं जनावर, हे मला शाळेत कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

उलट दिशेची यादीही बाईंकडे होती. आपला काकाकुवा हा मूळचा मलय ‘काकातुआ’. सांबराचं शास्त्रीय नाव रुसा युनिकलर, त्यातलं ‘रुसा’ म्हणजे मलयमधलं हरीण. खवल्या मांजराला जग पँगोलिन म्हणतं, ते गुंडाळी होण्यासाठी असलेल्या मलय शब्दावरून. आणि जनावरं मोजायची शेपटांनी: ‘तिगा एकोर काम्बिंग’, तीन शेपूट बकऱ्या. आमच्या ऑफिसात आता बोकडांच्या पार्टीचा हिशोबसुद्धा एकोरमध्ये होतो.

आता तक्रारी. पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानांवर आकडे वाचताच येत नाहीत. क्रियापदांना लागणारे ‘मे’, ‘बेर’, ‘दी’ हे उपसर्ग, जिथे खरी गाडी अडते, ते बाईंनी भरभर उरकले. सिंह, हत्ती, उंटावर जेवढा वेळ गेला त्याच्या निम्मा तरी इकडे हवा होता. (सिंह ‘सिंगा’, हत्ती ‘गाजाह’, उंट ‘उंता’. हे मराठी माणसाला शिकवायला वेळ लागतोच कशाला?) व्यापारी पत्रं तर जवळजवळ नाहीतच. क्लेमचं पत्र कसं लिहायचं, माल ओला निघाला तर काय शब्द वापरायचे, हे मला विचारून विचारून घ्यावं लागलं. सांगितलं मात्र त्यांनी मनापासून, वर्ग संपल्यावर चहा देऊन.

गाडी लावायला जागा नाही. चारचाकी आणूच नका, दुचाकीसुद्धा समोरच्या बंगल्याच्या गेटसमोर लावलीत तर आतले आजोबा बाहेर येऊन उभे राहतात. फी साडेपाच हजार, दोन हप्त्यांत चालते, पावती मागितली तर मिळते. पाचांत चार तारे देईन. एक पुस्तिकेपायी कापला. चौकशीचे मेसेज बाई बघत नाहीत, फोनच करा, आणि दुपारी दोन ते चार करू नका.