बागेतली फुलं टिपायला जुना डीएसएलआर की हातातला फोन?

कपाटातला दहा मेगापिक्सेलचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पुन्हा काढावा का, असा प्रश्न पडला असेल तर मेगापिक्सेलची काळजी आधी सोडा. 3872 × 2592 पिक्सेलचा फोटो ए-फोर आकारात 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके इतक्या बारकाईने, छापता येतो. फुलांना याहून जास्त काय लागतं?

सोयीत फोन पुढे आहे, यात वाद नाही. उन्हातही स्क्रीन दिसते, जमिनीलगतच्या फुलासाठी लोळण घ्यावी लागत नाही. उजेड कमी असला तर जुना कॅमेरा दाणेदार फोटो देतो, फोन निभावून नेतो.

पण जवळून फोटो काढताना फोनची एक खोड मला सहन होत नाही. जास्वंदीचंच घ्या. पाकळ्यांच्या पुढे आलेली ती दांडी, तिच्यावर पिवळी परागधूळ, टोकाला पाच मखमली ठिपके. फोकस त्या ठिपक्यांवर हवा. फोन जवळ नेला की तो आपल्या मनानेच मुख्य लेन्स सोडून अल्ट्रावाइडवर, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर, उडी मारतो. चौकट हलते, मागची कुंडी आणि पाण्याचा पाइप आत घुसतात, शिवाय फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली फुलावर पडते. जरा मागे घेतला की पुन्हा पहिली लेन्स. बऱ्याच फोनमध्ये हे बंद करता येतं, मान्य. पण मग मुख्य लेन्सला तेवढ्या जवळचं दिसत नाही. लांबून काढा आणि क्रॉप करत बसा.

डीएसएलआरवर मी लेन्सची कळ एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, ढकलतो, रिंग एकदा फिरवून सोडून देतो आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून अंग किंचित पुढेमागे करतो. ठिपके स्पष्ट झाले की शटर. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी 18-55 मिलिमीटरची किट लेन्स पाव मीटरच्या आसपास फोकस करते, तेवढ्या जवळून जास्वंद चौकटीत मावतही नाही. बारीक फुलांसाठी 50 मिलिमीटरच्या लेन्समागे 25 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावतो. आत काच नसलेली ती नुसती नळी असते, तिच्यामुळे लेन्सला आणखी जवळचं दिसतं.

लाल रंगावर दोघेही फसतात. उन्हात लाल चॅनेल, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, भरून जातो आणि पाकळीच्या शिरा गायब होतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे 0.7 केलं की बहुधा जमतं. कॅमेरा ते लक्षात ठेवतो. माझा फोन मात्र स्क्रीनला पुन्हा बोट लागलं की विसरतो.

जुन्या कॅमेऱ्याच्या तक्रारीही आहेतच. एफ-16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं की, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी उमटते. मागच्या अडीच इंची स्क्रीनवर प्रत्येक फोटो शार्पच वाटतो, म्हणून मोठा करून बघितल्याशिवाय फुलापासून हलू नये.

फोटो लगेच कुणाला पाठवायचे असतील तर फोनच बरा. रिंग फिरवायचा कंटाळा नसेल, तर आधी बॅटरी चार्ज होते का ते बघा. बहुतेक वेळा अडतं ते तिथेच, आणि नवी बॅटरी हा काही मोठा खर्च नाही.