दोन मीटर बँडचा जे-पोल: गडावर आणि दरीत

स्थानिक कारागिराने तांब्याच्या नळीतून घडवलेला, सुमारे दीड मीटर उंचीचा हा जे-पोल, म्हणजे हौशी रेडिओच्या दोन मीटर तरंगलांबीच्या बँडसाठीचा इंग्रजी J अक्षराच्या आकाराचा अँटेना, मी आधी सिंहगडाच्या माथ्यावर आणि मग मुळशीकडच्या एका दरीत वापरून पाहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरून, पाच वॅटच्या हँडसेटवर, १४५ मेगाहर्ट्झला पुण्यातले आवाज स्वच्छ आले. दरीत मात्र मधल्या डोंगराने लहरी अडवल्या आणि चार पावले सरकल्यावर, बहुधा समोरच्या कड्यावरून परावर्तित होऊन, खरखरीतून एक हाक कशीबशी उमटली. हा दोष अँटेनाचा नव्हे. तिथेच सहा मीटरवर आडव्या ताणलेल्या वीस मीटर लांबीच्या द्विध्रुव (डायपोल) तारेच्या अँटेनाने ७ मेगाहर्ट्झवर काम भागवले, कारण त्याच्या लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत वळून डोंगरापलीकडे उतरतात. जे-पोलच्या केबलच्या जोडाचा डाख मात्र कच्चा निघाला, तो मलाच पुन्हा द्यावा लागला. तरीही गच्ची मोकळी असेल तर हा जे-पोल घ्यावा.