वाकडी चोच ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

कोंबडीची वाकडी चोच औषधाने सरळ करून देतो असं सांगून एका माणसाने माझ्याकडून पैसे उकळले. पैशांचं दुःख आहेच, पण त्या ‘उपचारा’त माझी शेवंती जिवावरच्या दुखण्यातून गेली. हाच माणूस अजूनही तेच करतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

शेवंती अंड्यातून बाहेर आली तेव्हा तिची चोच व्यवस्थित दिसत होती. हे बहुतेक वेळा असंच होतं. पिल्लू वाढायला लागलं, डोक्याची हाडं मोठी व्हायला लागली की मग फरक दिसू लागतो. तिची वरची चोच डावीकडे आणि खालची उजवीकडे सरकत गेली, कात्री उघडी राहावी तशी. कारणं बरीच असतात: वंशातला दोष, उबवणी यंत्रातल्या तापमानाची गडबड, अंड्यात पिल्लाची बसण्याची चुकीची ठेवण, आईबापांच्या आहारातली कमतरता, नंतर झालेली एखादी इजा. नेमकं कोणतं, हे एका पिल्लाकडे बघून सांगता येत नाही.

या माणसाचा नंबर मला ओळखीतून मिळाला. बोलायला गोड. म्हणाला, ‘ताई, हे आमचं रोजचं काम आहे. थेंब देतो, चोचीला छोटी क्लिप लावतो, कोर्स पूर्ण केला की चोच सरळ.’ आधीचे आणि नंतरचे फोटो धाडले. अर्धे पैसे आगाऊ घेतले आणि ‘देखरेखीखाली ठेवावी लागेल’ म्हणून कोंबडी स्वतःकडे नेली.

त्या फोटोंबद्दल थांबून सांगते, कारण सगळी लबाडी तिथेच आहे. ‘आधी’चे सगळे फोटो समोरून काढलेले होते आणि ‘नंतर’चे सगळे बाजूने. वाकडी चोच समोरूनच कळते. बाजूने पाहिलं तर बऱ्याच कोंबड्यांची चोच जवळपास नेहमीसारखीच दिसते. शिवाय ‘नंतर’च्या फोटोत चोचीचं टोक बोथट होतं, पांढुरकं, चमक गेलेलं. नैसर्गिक टोक निमुळतं आणि तुकतुकीत असतं. ते फोटो उपचारानंतरचे नव्हते, चोच कापल्यानंतरचे होते. हे मला पुढे डॉक्टरांनी एकेका फोटोवर बोट ठेवून दाखवलं.

शेवंती परत आली तेव्हा चोच खरंच बरीच सरळ वाटत होती. दोन्ही टोकं आखूड केलेली, त्यामुळे एकमेकांना ओलांडायला काही उरलंच नव्हतं. मी उरलेले पैसे दिले. संध्याकाळी तिने भांड्याला तोंड लावलं आणि झटक्यात मान मागे घेतली. पुन्हा पुढे झाली, पुन्हा मागे. मग कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. उचलून पाहिलं तर वरच्या चोचीच्या कडेला आतून काळपट सुकलेलं रक्त. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘औषधाचा जोर आहे, थोडे दिवस खाणार नाही, बाहेरचं काही देऊ नका.’

हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर त्याच क्षणी पक्षी डॉक्टरांकडे न्या. आम्ही नेली तेव्हा छातीचं हाड हाताला धारेसारखं लागत होतं आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी होती. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं आणि नळीने पातळ खाद्य भरवलं, तेव्हा कुठे ती सावरली.

चोच म्हणजे नुसतं नख नव्हे. आत हाड असतं, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात, आणि वरून केराटिनचं, म्हणजे नखं ज्याची बनतात त्याच पदार्थाचं, कवच असतं. कवच जन्मभर वाढत राहतं. धडधाकट कोंबडी दगडावर, जमिनीवर चोच घासते आणि वाढ आपोआप झिजते. वाकड्या चोचीची टोकं एकमेकांवर घासलीच जात नाहीत, म्हणून ती लांबत जातात. वाढलेलं टोक घासून कमी करता येतं, आणि ते करावंच लागतं. पण दोष कवटीच्या आणि जबड्याच्या हाडात असतो. वाढ झालेल्या कोंबडीचं ते हाड तोंडात टाकलेल्या कुठल्याही थेंबांनी जागेवर येत नाही. क्लिप तर आणखी घातक. कोंबडीला घाम येत नाही, उकडलं की ती तोंड उघडून धापा टाकते. तिचं तोंड जखडून ठेवणं म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं.

पुढे काय झालं ते ठरलेलंच होतं. टोकं वाढली, चोच पूर्ववत दिसू लागली. त्याचं म्हणणं, मी कोर्स अर्धवट सोडला, आता ‘दुसऱ्या टप्प्या’चे वेगळे पैसे लागतील. पैसे परत मागितल्यावर नंबर ब्लॉक.

याच कापाकापीवर दुसरा धंदाही चालतो. वाकड्या चोचीच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, टोकं घासून चांगल्या म्हणून विकल्या जातात आणि विचारलं तर ‘डिबीकिंग केलंय’, म्हणजे एकमेकींना टोचू नये म्हणून चोचीचं टोक कापलंय, असं सांगतात. डिबीकिंग केलेल्या कोंबडीची वरची चोच आखूड आणि खालची थोडी पुढे आलेली असते, पण दोन्ही एकाच रेषेत असतात. तेव्हा पक्षी हातात घ्या, तोंड मिटलेलं असताना अगदी समोरून बघा. दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का तेही पाहा, कारण कधीकधी अख्खी कवटीच एका बाजूला झुकलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टणक जमिनीवर थोडे दाणे टाका. वाकड्या चोचीची कोंबडी टोचत राहते आणि दाणा काही उचलला जात नाही. हे बघू द्यायला विकणारा नाही म्हणाला तर व्यवहार करू नका.

अशा कोंबडीला खरं लागतं ते अगदी साधं आहे, आणि शेवंती आज त्यावरच छान जगते आहे. तिला पाण्यात भिजवलेला मॅश, म्हणजे दळलेलं कोंबडीखाद्य, देते, खोल भांड्यात, म्हणजे तिला चमच्यासारखी खालची चोच घालून खाता येतं. भांडं तिच्या छातीच्या उंचीला ठेवते. इतर कोंबड्या तिला ढकलतात, म्हणून एका शांत सोबतिणीबरोबर तिला वेगळं खाऊ घालते. पाण्याचं भांडंही खोल. टाळ्याला चिकटलेलं खाद्य ओल्या कापसाने काढते. नियमित वजन करते, कारण पिसांमुळे रोडावलेली कोंबडी डोळ्यांना कळत नाही. सकाळी गळ्याखालची पिशवी रिकामी आणि रात्री भरलेली लागली की मला बरं वाटतं. चोचीने पिसं साफ करता येत नसल्यामुळे उवा लवकर होतात, तेव्हा शेपटीखाली आणि पंखांखाली पिसं बाजूला करून बघावं लागतं. टोक घासताना मागून टॉर्च धरते, उजेडात जिवंत भाग गडद दिसतो, त्याच्या बराच अलीकडे थांबते आणि नेल फाइलने थोडं थोडंच घासते. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरते. तिची अंडी मी उबवायला ठेवत नाही.

सगळ्याच व्यंगांवर उपाय नसतो असं मात्र समजू नका. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे पाय गुळगुळीत जागेमुळे फाकले असतील तर पहिल्या काही दिवसांत मऊ पट्टीने सैलसर बांधून खरंच बरे होतात. बी-टू जीवनसत्त्वाच्या कमतरतेने बोटं आत वळली असतील तर लवकर दिलेल्या पुरवणीने फरक पडतो. उलट मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या आजारात एक पाय पुढे आणि एक मागे ताणला जातो, आणि त्यावर औषध नाही, लस आहे ती पिल्लू जन्मतःच द्यायची. यात कुठलं काय आहे ते पशुवैद्य पक्षी तपासून सांगतील. फोनवर फोटो बघून ‘हमखास बरं करतो’ म्हणणारा कसं सांगणार?

मी त्याचे उरलेले मेसेज, आवाजातले निरोप, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि डॉक्टरांचा कागद जपून ठेवून तक्रार दिली आहे. तुम्हीही फसला असाल तर मेसेज आधी सेव्ह करा, मग त्याच्याशी बोला, कारण मला पाठवलेले काही मेसेज त्याने मागाहून पुसले.

त्याने नंबर बदलला आहे आणि आता तो शेवंतीचा फोटोही नमुना म्हणून धाडतो, असं मला दुसऱ्या एका बाईंनी तो फोटो पाठवून कळवलं. ठिपक्याठिपक्यांची तांबूस कोंबडी, उजव्या बाजूने काढलेली, पंखावर त्याच्या माणसाचा हात. तो फोटो तुमच्याकडे आला तर त्याच कोंबडीचा आजचा, समोरून काढलेला फोटो मागा. त्याच्याकडे तो नाही. ती माझ्याकडे आहे.