रजेवर आलेल्या सैनिकाचे मन: ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’

एरिक मारिया रेमार्क यांची १९२९ साली पुस्तकरूपात आलेली ही जर्मन कादंबरी मी ए. डब्ल्यू. व्हीन यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. पहिल्या महायुद्धाने सैनिकाच्या मनाचे काय केले, हे जाणून घ्यायचे असेल तर ती अवश्य संग्रही ठेवावी. खंदकांतील वर्णने अंगावर येतातच. परंतु मला अधिक हादरवले ते रजेवर घरी आलेल्या पॉल बॉयमर या तरुण जर्मन सैनिक-नायकाच्या प्रकरणाने. रस्त्यातल्या ट्रामचा कर्कश आवाज त्याला अंगावर येणाऱ्या तोफगोळ्यासारखा वाटतो. शिकवण्या करून मिळवलेल्या पैशांतून घेतलेल्या पुस्तकांसमोर बसून तो जुनी ओढ परत यावी म्हणून वाट पाहतो, पण पुस्तके मुकीच राहतात. आजारी आईने विचारले तरी आघाडीवरचे खरे तो तिला सांगत नाही. (हे वाचताना मला पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले.) पुढे तोफगोळ्याच्या खड्ड्यात त्याने स्वतःच भोसकलेल्या फ्रेंच सैनिकाच्या उशाशी तो तासन्‌तास अडकतो आणि त्याच्या पाकिटातून कळते, की तो फ्रेंच सैनिक छापखान्यात काम करणारा होता. माझ्या आवृत्तीचा टाइप फार बारीक आहे. मोठ्या अक्षरांची प्रत मिळाल्यास तीच घ्यावी.