‘द स्नोमॅन’: एकही संवाद नसलेली 26 मिनिटं

मराठी माध्यमातल्या पहिली-दुसरीच्या मुलांना परदेशी ॲनिमेशन दाखवायचं म्हटलं की घोडं भाषेपाशी अडतं. ‘द स्नोमॅन’मध्ये संवादच नाहीत. रेमंड ब्रिग्ज यांच्या 1978 च्या शब्दविरहित चित्रपुस्तकावरचा हा खास कार्यक्रम ब्रिटनच्या चॅनल फोरवर 26 डिसेंबर 1982 ला पहिल्यांदा लागला. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, मध्यरात्री तो जिवंत होतो आणि दोघं घरभर दंगा करतात, तेही आईबाबांना जाग येऊ न देता.

हॉवर्ड ब्लेक यांचं संगीतच इथे निवेदकाचं काम करतं. पावलं, दचकणं, घसरणं, सगळं वाद्यांत ऐकू येतं. म्हणून ब्लूटूथ स्पीकर नको. त्यात आवाज किंचित मागे राहतो आणि ठेका चुकतो. वायरने जोडलेला साधा स्पीकर चांगला. चित्र 4:3 आकाराचं, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चौकोनी आहे, टीव्हीभर ताणलं तर सगळेच बुटके-जाडे दिसतात. रंगीत खडूंच्या रेषा सतत किंचित थरथरतात, तीच या चित्रांची जान आहे. टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे हालचाल सलग दाखवणारं सेटिंग, ती थरथर गुळगुळीत करून टाकतं, तेव्हा ते बंद ठेवा. काही प्रतींत सुरुवातीला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी इंग्रजीत बोलतात. लहानांसाठी तेवढा भाग पुढे ढकलावा.

मोटरसायकलचा प्रसंग नीट बघावा. इंजिनाच्या उष्णतेने स्नोमॅनची मांडी वितळू लागते आणि त्याला गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये गार व्हावं लागतं. मुलं खदखदून हसतात, पण शेवटाची तयारी इथेच झालेली असते. गोळा हातात वितळताना पाहिलेल्या मुंबईच्या मुलांना त्याचं कारण सांगावं लागत नाही.

मग येतं उड्डाण आणि ‘वॉकिंग इन द एअर’, अख्ख्या कार्यक्रमात शब्द असलेलं एकच गाणं. आवाज पीटर ऑटी या मुलाचा आहे. ॲलेड जोन्स या दुसऱ्या बालगायकाचा, असा समज पसरलाय तो त्याच्या 1985 च्या गाजलेल्या रेकॉर्डमुळे. खाली इंग्लंडमधल्या ब्राइटनचा रॉयल पॅव्हिलियन हा जुना राजवाडा दिसतो. त्याचे घुमट भारतीय वळणाचे आहेत, काळा घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालय पाहिलेल्या मुलांना ते दाखवाच. पुढची सांताक्लॉजची मेजवानी मूळ पुस्तकात नाही आणि जरा लांबतेही. पण तिथेच मुलाला मफलर मिळतो, आणि शेवट त्या मफलरवर उभा आहे.

सकाळी स्नोमॅन वितळलेला असतो. चार वर्षांखालच्या मुलांना हे जड जाऊ शकतं. मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी बसावं, मात्र मध्ये बोलू नये. ऑटोप्ले आधीच बंद करा. नाहीतर श्रेयनामावली सुरू होताच ॲप पुढचं कार्टून लावतं आणि रडू आलेल्या मुलाला ते रडू पुरं करायला वेळच मिळत नाही.